तीस जानेवारीची कुदळ

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय ‘तीनोस : एक बेट, दोन पंथ’. त्याकडे मी येणारच आहे. पण आधी गालिच्याबद्दल बोलू द्या, नाहीतर पुढचं काही सुचायचं नाही.

त्याचं असं झालं. आमच्या सहलीच्या कागदावर लिहिलं होतं, ‘मिकोनोस दोन रात्री. तीनोस : बोटीतून पाहणे.’ बोटीतून पाहणे! अथेन्सजवळच्या राफिना बंदरातून निघालेली बोट आंद्रोस, तीनोस करत मिकोनोसला जाते. सगळ्या ग्रीसचं तीर्थक्षेत्र वाटेत लागतं आणि आपण कठड्याला टेकून चिप्स खायच्या. आमच्या मार्गदर्शकाला विचारलं, तर तो म्हणाला, “काका, तिथं काही नाही, एक चर्च आहे.” मी पिशवी उचलली आणि उतरलो. मागून बायको उतरली, ती मला परत बोलवायला. तोवर बोट सुटली. पैशांचं म्हणाल तर ते अजून परत आलेले नाहीत. असो.

तर गालिचा. बंदरापासून थेट चर्चच्या पायऱ्यांपर्यंत चढाचा सरळ रस्ता आहे, आणि त्याच्या कडेला गालिच्याची एक लांबलचक पट्टी अंथरलेली. त्यावरून बायका गुडघ्यांवर, हातांवर रांगत वर चालल्या होत्या. एकीचे केस पूर्ण पांढरे, शेजारून नातू पाण्याची बाटली घेऊन चाललेला. मध्ये आडवा रस्ता आला की गाड्या थांबतात. कुणी हॉर्न वाजवत नाही. (इथे हशा अपेक्षित होता. पुणेकर कमी आलेले दिसतात.) दोन्ही बाजूंना दुकानं. माणसाच्या उंचीच्या मेणबत्त्या, तीर्थासाठी रिकाम्या बाटल्या. मला वाटलं, आपणही दहा पावलं रांगावं. बायको म्हणाली, “अहो, डॉक्टरांनी मांडी घालायलासुद्धा बंदी केलीये. नवस चालत फेडा.”

आत गेल्यावर छताकडे बघा. नवसाच्या चांदीच्या वस्तू टांगलेल्या : गलबतं, पाळणे, हात, पाय. वांद्र्याच्या माउंट मेरीला मेणाचे हातपाय वाहतात ते पाहिलेल्यांना वेगळं सांगायला नको. एक झाड आहे. आंधळ्या माणसाने म्हणे नवस बोलला, दृष्टी आली तर पहिल्यांदा जे दिसेल ते घडवून वाहीन. दिसलं संत्र्याचं झाड. माझं आपलं म्हणणं, समोर गाढव आलं असतं तर सोनाराची पंचाईत होती. खुद्द मेरीची प्रतिमा मात्र दागिन्यांखाली इतकी झाकलेली, की चित्र शोधावं लागतं.

आता माझा लाडका मुद्दा. देव कुठे सापडला हे सगळे विचारतात. केव्हा सापडला हे कुणी विचारत नाही. केख्रोवूनी मठातल्या पेलागिया नावाच्या वृद्ध जोगिणीला १८२२ मध्ये दृष्टांत झाला, अमक्या शेतात खणा. खणलं, मध्येच सोडून दिलं, पुन्हा खणलं. ३० जानेवारी १८२३ रोजी मजुराची कुदळ लाकडावर बसली आणि प्रतिमेचे दोन तुकडे झाले. ग्रीकांचं तुर्कांविरुद्धचं स्वातंत्र्ययुद्ध १८२१ ला सुरू झालेलं. कोवळ्या राष्ट्राला दैवी कौल हवा असताना नेमकी ही कुदळ बसते. दृष्टांत खोटा, असं मी म्हणत नाही. तारीख बघा, एवढंच म्हणतो.

चिठ्ठी आली. ‘पाच मिनिटं.’ बरं, दोन पंथ : ऑर्थोडॉक्स, म्हणजे बहुतेक ग्रीकांचा आणि या मेरीच्या चर्चचा, आणि रोमच्या पोपला मानणारा कॅथलिक.

हे बेट १२०७ पासून १७१५ पर्यंत व्हेनिसच्या कॅथलिक मंडळींकडे होतं, पाचशे वर्षांहून जास्त. व्हेनिसच्याच ताब्यातल्या क्रीट बेटाची राजधानी १६६९ ला तुर्कांनी घेतली, तरी तीनोस आणखी शेहेचाळीस वर्षं टिकलं. एक्सोबुर्गोच्या डोंगरावर किल्ल्याचे अवशेष आहेत. त्यामुळे इथं कॅथलिक गावंच्या गावं, आजही. १८२१ च्या युद्धापासून या बेटांवरचे कॅथलिक बरेचसे अलिप्त राहिले. म्हणजे शेजारी युद्धात उतरत नाही आणि आपल्या शेतात मेरी प्रकट होते. ऑर्थोडॉक्स गावकऱ्याला त्याचा अर्थ कुणी समजावून सांगावा लागला नसणार. हे नीट मांडायला मला अर्धा तास हवा होता, तो गालिच्यात गेला.

१५ ऑगस्ट १९४० घाईत सांगतो. मेरीच्या निर्वाणाचा सण, बंदर भाविकांनी भरलेलं, आणि इटालियन पाणबुडीने तिथं नांगरलेली ग्रीक युद्धनौका ‘एली’ बुडवली. पाणतीराचे तुकडे इटालियन निघाले. तरी सरकारने जाहीर केलं, ‘राष्ट्रीयत्व अज्ञात’. लढाई टाळायची होती ना. ती ऑक्टोबरात आलीच.

कबुतरखाने राहिले, पिर्गोस गावचे संगमरवरी कारागीर राहिले. युनेस्कोने २०१५ मध्ये त्यांच्या कलेची नोंद घेतलीय, तुम्हीही घ्या.

एकच सांगतो. मेल्तेमी नावाचं वारं सुटलं, बोटी बंद पडल्या, आम्ही एक रात्र अडकलो. दुसऱ्या दिवशी वरच्या एका कॅथलिक गावात गेलो. मी एका आजोबांना विचारलं, तुमचा ईस्टर कधी? ग्रीसमधले कॅथलिक तो रोमच्या तारखेला न करता ऑर्थोडॉक्स तारखेलाच करतात, हे मला वाचून माहीत होतं, तरी विचारलं. आजोबांनी खाली दिसणाऱ्या ऑर्थोडॉक्सांच्या चर्चकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, “त्यांच्याबरोबर. कोकरू एकाच खाटकाकडून येतं.”

हो, हो, घंटा ऐकली. प्रश्न चहाबरोबर घेऊ.