समुद्र दिसेना, चिखल सोडेना

बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटरवर, त्यामुळं जूनमध्ये आमच्याकडं संध्याकाळी गार वारं सुटतं आणि वाटतं खाली कारवारच्या किनाऱ्यावरपण असंच असेल. कुठलं काय. खानापूर, रामनगर, जोयडा करत अणशी घाट उतरला की कद्र्यापासनंच शर्ट अंगाला चिकटतो, हवेत आधीच एवढी वाफ असते की घाम सुकतच नाही, नुसता गळत राहतो. त्यात मृग लागलाय पण पावसाचा पत्ता नाही, म्हणजे विचारूच नका.

प्लॅन सोपा होता. कारवार ते होन्नावर गाडी समुद्राला लागून चालवायची, खिडकीतनं व्हिडिओ शूट करायचा आणि दुपारी ताजी मासळी.

हे काळी नदीचं मुख, पलीकडं डोंगरावर सदाशिवगड. इथला जुना पूल ऑगस्ट २०२४ मध्ये रात्री कोसळला, एक ट्रक खाली गेला, ड्रायव्हर वाचला. बंदरात बघा, सगळ्या बोटी बांधलेल्या. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. खानावळीत विचारलं तर मावशी म्हणाल्या, "आतां नुस्तें खंय रे पुता? किसमूर आसा, जाय?" म्हणजे आता मासळी कुठली, किसमूर आहे, हवी का? घेतली की, सुक्या सुंगटांची म्हणजे कोळंबीची कोशिंबीर ती, दोनदा घेतली.

पुढं बिणगा, अरगा. समुद्र इथंच आहे पण नौदलाचा तळ असल्यामुळं आपल्या वाट्याला नुसती भिंत आणि कुंपण, कॅमेरा गपचूप बॅगेत.

अंकोल्यानंतर शिरूर. १६ जुलै २०२४ ला पावसात इथला डोंगर हायवेवर आला आणि माती थेट गंगावळी नदीत गेली, रस्त्याकडेचं चहाचं दुकान, आतली माणसं, सगळं घेऊन.

आणि मग कळतं की असा सरळ किनारा इथं नाहीच. काळी, गंगावळी, अघनाशिनी, शरावती, प्रत्येक नदी मुखाशी पसरते, भरतीचं खारं पाणी पार आत शिरतं, दोन्ही बाजूला चिखल आणि कांदळवन, त्यामुळं हायवे आत पळतो. तदडीला उभं राहिलं की समोर नदीपलीकडं अघनाशिनी गाव दिसतं, हाक मारावी एवढ्यावर, होडीनं लगेच पोचाल. पण गाडी न्यायची तर मिर्जानकडनं मोठा वळसा.

बरं, चिखल म्हणजे वाया गेलेली जागा असं मलापण वाटायचं. अघनाशिनीवर एकही धरण नाही, गोडं-खारं पाणी आपल्या हिशोबानं मिसळतं, आणि ह्याच चिखलात तिसऱ्या म्हणजे शिंपले मिळतात. ओहोटी लागली की लोक पाण्यात उतरून हातानं काढतात, त्याला बोट लागत नाही. मासळीचं स्वप्न शेवटी तिसऱ्यांच्या सुक्क्यावर भागलं, आणि खरं सांगू का, सुरमईची आठवण आली नाही.

बांध घातलेली ही शेतं, ह्यांना गजनी म्हणतात. इथं कग्गा नावाचं भात होतं जे खारं पाणी सोसतं. पण रुजताना तेपण नखरे करतं, पहिल्या पावसानं जमिनीतलं मीठ धुवून नेल्याशिवाय मोड आलेलं बी टाकायचं नाही. म्हणजे पोती भरून बी तयार आणि माणसं आभाळाकडं बघत बसलेली, आमचा प्लॅन बोंबलला त्याचं एवढं काय घेऊन बसलात.

होन्नावर राहिलंच, त्यामुळं शरावती ह्या व्हिडिओत नाही. कुमट्यात लेन्सच्या आतनं वाफ धरली, ती अरबैल घाट चढून यल्लापूर येईपर्यंत काही गेली नाही.