टाचणीचा डाग

(फोंडा येथील एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, नवं मंत्रिमंडळ आलं की दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात एक ठरलेली ओळ असते: ‘राज्यपालांनी मंत्र्यांना पद आणि गोपनीयतेची शपथ दिली.’ बातमीदार म्हणून ही ओळ मीही अनेकदा लिहिली आणि तिच्यातल्या दुसऱ्या शब्दापाशी कधी थांबलो नाही. संविधानाच्या तिसऱ्या अनुसूचीत या दोन शपथा शेजारी शेजारी आहेत. पहिली संविधानाशी निष्ठेची. दुसरी, मंत्री म्हणून जे कळेल ते कर्तव्यासाठी गरज पडल्याखेरीज कोणालाही कळवणार नाही, याची. २००६ साली वीरप्पा मोईली यांच्या अध्यक्षतेखालच्या दुसऱ्या प्रशासकीय सुधारणा आयोगाने पहिल्याच अहवालात सुचवलं की गोपनीयतेऐवजी पारदर्शकतेची शपथ घ्यावी आणि १९२३ चा शासकीय गुपिते अधिनियम रद्द करावा. शपथ तीच राहिली. कायदाही राहिला.

हा कायदा ब्रिटिशांनी इथल्या लोकांवर नजर ठेवून केला. त्याचं पाचवं कलम घरी जाऊन जरूर वाचा. गुपित म्हणजे काय, याची व्याख्या तुम्हाला सापडणार नाही. कागद देणारा गुन्हेगार, आणि जाणूनबुजून घेणाराही गुन्हेगार. शिक्षा तीन वर्षांपर्यंत. हेरगिरीचं तिसरं कलम लावलं तर चौदा वर्षांपर्यंत. पण ज्या कागदात गुपित काहीच नव्हतं त्यावर ‘गोपनीय’ शिक्का मारणाऱ्याला काय शिक्षा, हे विचारलंत तर कायदा गप्प आहे.

आता याच्या शेजारी माहिती अधिकाराचा २००५ चा कायदा ठेवा. माहिती दडवली, उशीर केला, तर विसाव्या कलमाखाली जन माहिती अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये दंड, आणि तो २५,००० च्या पुढे जात नाही. तोही माहिती आयोगाने लावला तर. तुमच्यापैकी ज्यांनी अर्ज, मग पहिलं अपील, मग दुसरं अपील असा फेरा केला आहे, त्यांना ‘लावला तर’ म्हणजे किती वर्षं, हे मी सांगायला नको. कागद बाहेर काढला तर तुरुंग, दाबून ठेवला तर फार तर पगारातून कापून जाणारी रक्कम. माझं आजचं सगळं म्हणणं या दोन शिक्षांमधल्या अंतराबद्दल आहे. कारकुनालाही हे अंतर ठाऊक असतं. हातात कागद आला की तो कुठल्या बाजूला चुकायचं ते ठरवतो, आणि त्याला मी दोष देऊ शकत नाही.

इफ्तिखार गिलानींचं उदाहरण घ्या. दिल्लीतले पत्रकार. जून २००२ मध्ये त्यांना याच कायद्याखाली अटक झाली. त्यांच्या संगणकात सैन्याविषयीचा गुप्त दस्तऐवज सापडला, असं सांगितलं गेलं. तो मजकूर पाकिस्तानातल्या एका संस्थेने छापलेला होता आणि इंटरनेटवर कोणालाही वाचता येत होता. लष्करी गुप्तचर विभागानेच अखेर त्यात गोपनीय काही नसल्याचं कळवलं. जानेवारी २००३ मध्ये खटला मागे घेतला गेला. मधले सात महिने ते तिहारमध्ये होते. जगाला उघड असलेली गोष्ट गुप्त ठरवून एका माणसाचे सात महिने घेतले, आणि ती गुप्त ठरवणाऱ्याला कोणी जाब विचारल्याचं कुठे नोंदलेलं नाही.

आपल्या गोव्याला ही गोष्ट नवी वाटायला नको. पणजीत आपलं पुराभिलेखागार आहे. त्याची स्थापना १५९५ ची, आणि त्याचा पहिला रखवालदार दियोगो दो कोतो. पोर्तुगीज सत्तेचे कागद सांभाळणं हे त्याचं काम. याच माणसाने ‘सोल्दादो प्रातिको’ नावाचा संवाद लिहिला होता. त्यात हिंदुस्थानात मुरलेला एक म्हातारा शिपाई व्हाइसरॉयपासून किल्लेदारांपर्यंत चाललेली लूट बोलून दाखवतो. पहिलं हस्तलिखित चोरीला गेलं. म्हातारपणी त्याने ते पुन्हा लिहून काढलं. इतिहास म्हणून लिहिलेल्या त्याच्या ग्रंथांचेही काही भाग चोरले गेले, ते त्याला आठवून संक्षेपाने लिहावे लागले. १६१६ मध्ये तो गोव्यातच वारला. पुस्तक लिस्बनला छापून आलं १७९० मध्ये. म्हणजे मृत्यूनंतर १७४ वर्षांनी, ज्यांच्याविषयी लिहिलं त्यांच्यातलं कोणीही उरलं नसताना. मी त्या पुराभिलेखागाराच्या वाचनकक्षात अनेकदा बसलो आहे आणि दर वेळी हा माणूस आठवतो. दिवसा तो सरकारचे कागद कुलपात ठेवायचा आणि त्या कागदांनी जे पाहिलं ते स्वतःच्या हाताने लिहून ठेवायचा.

पोर्तुगिजांच्या शेवटच्या काळात वर्तमानपत्राचा मजकूर आधी सेन्सॉरकडे जायचा. लग्नपत्रिकासुद्धा दाखवावी लागायची, असं आमच्या घरातले वडीलधारे सांगत. तेव्हा २५ नोव्हेंबर १९५५ पासून गोवा मुक्त होईपर्यंत लिबिया लोबो आणि वामन सरदेसाई यांनी सरहद्दीपलीकडच्या रानातून ‘गोंयच्या सोडवणेचो आवाज’ हे गुप्त रेडिओ केंद्र चालवलं. पोर्तुगीज सरकारच्या लेखी तो गुन्हाच होता. त्या आवाजाचा आज आपण गौरव करतो, आणि तो योग्यच आहे. पण सत्ता परकी असताना बातमी बाहेर काढणारा देशभक्त आणि सत्ता आपली झाल्यावर तोच घरभेदी, हे गणित मला कधी पटलं नाही.

मुक्तीनंतर सेन्सॉर गेला. कागद मात्र कुलपातच राहिले. २००६ च्या ऑगस्टमध्ये गोव्यातली जमीन कशी वापरायची ते ठरवणारा प्रादेशिक आराखडा २०११ अधिसूचित झाला. नकाशावर हिरव्या डोंगरांच्या जागी वस्तीक्षेत्राचा रंग दिसला, लोक रस्त्यावर आले आणि काही महिन्यांतच सरकारला तो आराखडा मागे घ्यावा लागला. त्या दिवसांत गावोगावी देवळांच्या मंडपात नकाशे पसरलेले असायचे. सगळे आपापला सर्व्हे नंबर शोधत असायचे, हातात जमिनीचा एक-चौदाचा उतारा. खाणींचंही तसंच. बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती शाह आयोगाचा गोव्याविषयीचा अहवाल २०१२ च्या मार्चमध्ये केंद्र सरकारच्या हाती पडला. संसदेत मांडला गेला ७ सप्टेंबरला, आणि १० सप्टेंबरला राज्य सरकारने खाणी थांबवल्या. त्यातल्या ३५,००० कोटींच्या नुकसानीच्या आकड्यावर पुष्कळ वाद झाले, ते होऊ देत. मला ते मधले सहा महिने खुपतात. मांडल्यानंतर तीन दिवसांत जे घडू शकलं, ते अहवाल कपाटात असताना घडलं नाही.

न्यायालयांनी मात्र अधूनमधून दार उघडलं आहे. १९७५ मध्ये राज नारायण खटल्यात न्यायमूर्ती मॅथ्यू यांनी लिहिलं की सरकारी कारभारात जे सार्वजनिक रीतीने केलं जातं ते जाणून घेण्याचा लोकांना हक्क आहे. २०१९ मध्ये राफेल विमानांच्या व्यवहाराचे कागद ‘द हिंदू’ने छापले. ॲटर्नी जनरलनी सर्वोच्च न्यायालयात आधी ते चोरीला गेले असं सांगितलं, मग मुळाच्या छायाप्रती असा खुलासा केला. १० एप्रिलला तिन्ही न्यायमूर्तींनी ते कागद विचारात घेण्यावरचा सरकारचा आक्षेप एकमताने फेटाळला. गुप्त असा शिक्का असलेल्या कागदाचं प्रकाशन रोखण्याचा अधिकार संसदेने सरकारला दिलेलाच नाही, असं त्या निकालात आहे. पुढे नोव्हेंबरमध्ये फेरविचार याचिका फेटाळल्या गेल्या, तो भाग वेगळा. कागद वाचता येतो हे ठरलं, आणि मला ते मोठं वाटतं.

पण न्यायालय छापणाऱ्याला वाचवतं तेव्हा देणाऱ्याचं काय होतं, ते पाहा. अमेरिकेत १९७१ मध्ये व्हिएतनाम युद्धाचे सात हजार पानांचे गुप्त कागद बाहेर आले. सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी वर्तमानपत्रांच्या बाजूने निकाल दिला. ते कागद देणारे डॅनियल एल्सबर्ग मात्र ११५ वर्षांच्या शिक्षेच्या छायेत उभे होते. सरकारच्याच माणसांनी त्यांच्या मनोविकारतज्ज्ञाचा दवाखाना फोडल्याचं उघड झालं, म्हणून १९७३ मध्ये खटला निकालात निघाला. ‘विकिलीक्स’चे ज्युलियन असांज यांच्या बाबतीत तर छापणाऱ्यालाच देणाऱ्याच्या रांगेत बसवलं. लंडनच्या इक्वेडोर दूतावासात सात वर्षं, बेलमार्शच्या तुरुंगात पाच, आणि २०२४ च्या जूनमध्ये एक आरोप कबूल केल्यावर सुटका.

असांज यांच्या सगळ्याच कृती मी उचलून धरत नाही. २०११ मध्ये अमेरिकी वकिलातींनी पाठवलेल्या राजनैतिक तारा नावं न झाकता प्रसिद्ध झाल्या. त्यात परक्या देशांत विश्वासाने बोललेली माणसं होती. खरी गुपितं असतात. सैन्य उद्या कुठून निघणार, पोलिसांना खबर देणारी बाई कुठल्या वाड्यावर राहते, हे छापणाऱ्याची बाजू मी घेणार नाही. माहिती अधिकाराच्या आठव्या कलमाचं दुसरं उपकलम हेच तोलायला सांगतं: लोकहित मोठं की होणारं नुकसान मोठं? गुपिते अधिनियम असताही, असे शब्द त्यात आहेत. हा तराजू कायद्यात आहे, तो हातात घ्यायला लागणारं धैर्य आपण कचेऱ्यांमध्ये जोपासलं नाही.

आता माझी गोष्ट. चाळीसेक वर्षांपूर्वी मी एका मराठी दैनिकाचा तरुण बातमीदार होतो. खाणपट्ट्यातल्या एका गावच्या विहिरी आटत होत्या. एका संध्याकाळी एका सरकारी कचेरीतले कारकून सायकलवरून माझ्याकडे आले आणि शर्टाच्या आतून चार पानं काढली. विहिरींची मोजणी त्यांच्याच खात्याने केली होती आणि अहवालात कारण स्पष्ट लिहिलं होतं. वर शिक्का, ‘गोपनीय’. ते म्हणाले, ‘‘बाब, हें लोकांक कळपाक जाय.’’ म्हणजे, हे लोकांना कळायला हवं. एवढंच बोलून पाणीही न पिता गेले.

बातमी पहिल्या पानावर आली. कोणी खोटी म्हणू नये म्हणून मी अहवालाच्या पहिल्या पानाचं छायाचित्र छापलं. त्या पानाच्या डाव्या कोपऱ्यात टाचणीच्या गंजाचा डाग होता. आपल्या पावसाळ्यात टाचणी किती लवकर गंजते ते तुम्ही जाणताच. कचेरीत अहवालाच्या मोजक्याच प्रती होत्या. साहेबांनी त्या टेबलावर ओळीने मांडल्या, शेजारी आमचा अंक ठेवला. डाग एकाच प्रतीवर होता. ती प्रत कोणाच्या कपाटात असते हे सगळ्यांना माहीत होतं.

त्यांची बदली काणकोणला झाली. चौकशी लागली, दोन वर्षांची वेतनवाढ थांबली. बायको आजारी असताना ते शनिवार-रविवारीच घरी येऊ शकत. मला एकदा पोलीस ठाण्यावर बोलावलं, दोन तास बसवलं आणि सोडून दिलं. माझं नाव झालं. विहिरींच्या अहवालावर शिक्का कोणी आणि का मारला, हे कोणी कोणाला विचारलं नाही.

२०१७ मध्ये अमेरिकेत रिअ‍ॅलिटी विनर नावाच्या तरुणीला अटक झाली. एका माध्यमसंस्थेने खात्री करून घेण्यासाठी तिचा कागद सरकारी अधिकाऱ्यांना दाखवला. कागदाला घडी पडलेली होती, म्हणजे तो छापून बाहेर नेला होता. छापणारे सहाच जण निघाले. तिला ६३ महिन्यांची शिक्षा झाली. ती बातमी वाचली त्या रात्री मला झोप लागली नाही. इतक्या वर्षांनी, इतक्या लांब, तीच चूक. कागद मिळवायला आम्ही शिकतो. त्या कागदामागचा माणूस झाकायला कोणी शिकवत नाही.

त्याला कायदा तरी झाकतो का? बिहारमध्ये राष्ट्रीय महामार्गाच्या कामातला भ्रष्टाचार पंतप्रधानांना कळवणारे अभियंते सत्येंद्र दुबे यांनी आपलं नाव गुप्त ठेवण्याची विनंती केली होती. सरकारने खरोखर गुप्त ठेवावं असं काही असेल, तर ते हे नाव होतं. ते पत्र नावासह या टेबलावरून त्या टेबलावर फिरलं. नोव्हेंबर २००३ मध्ये गयेत त्यांचा खून झाला. अशा माणसांच्या संरक्षणाचा कायदा २०१४ मध्ये मंजूर झाला. तो अमलात येण्याची तारीख सरकारने अजून जाहीर केलेली नाही.

आमचे ते कारकून निवृत्तीनंतर एकदा मला फोंड्याच्या बाजारात भेटले. मी माफी मागितली. त्यांनी विहिरींची चौकशी केली. मी म्हटलं, टँकर सुरू झाला होता, पुढे नळ आला. त्यांनी मान हलवली आणि भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घेतली. आता ते हयात नाहीत. त्यांचा मुलगा सरकारी नोकरीत आहे, म्हणून मी त्यांचं नाव इथेही घेतलेलं नाही.