चिमूटभर सीरियम

टेबलावर ही गॅसबत्ती पाहून काही जण हसलात, ते मी पाहिलं. वरातीत अशी बत्ती डोक्यावर घेऊन चालणारी माणसं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना रॉकेलचा वास आणि तो फसफस आवाज लगेच आठवला असेल. पण त्या उजेडात एका धातूचा हात होता, हे आम्हाला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. त्याचं नाव सीरियम, अणुक्रमांक ५८.

याला ‘दुर्मिळ मृदा’ गटात बसवतात. नाव फसवं आहे. पृथ्वीच्या कवचात सीरियम जवळजवळ तांब्याइतकं आहे. अडचण सापडण्याची नाही, सुटं करण्याची आहे. या गटातली भावंडं रासायनिक वागणुकीत इतकी सारखी, की एकाला हात लावला तर सगळी मागोमाग येतात.

१८०३ साली स्वीडनमध्ये बर्झेलियस आणि हिसिंगर यांनी बास्टनेसच्या खाणीतल्या एका जड दगडातून नवी ‘मृदा’ वेगळी केली. त्याच वर्षी जर्मनीत क्लापरोथही तिथंच पोचला होता. दोनच वर्षांपूर्वी सेरेस हा लघुग्रह सापडला होता, सेरेस म्हणजे रोमनांची धान्याची देवता. तिचं नाव या मूलद्रव्याला मिळालं. पण हाती आलं होतं ते ऑक्साइड. धातू बऱ्यापैकी शुद्ध रूपात मिळायला १८७५ उजाडलं. आणि ती ‘मृदा’ तरी एकटी कुठे होती? १८३९ मध्ये मोसांडरने तिच्यातून लँथॅनम बाहेर काढलं.

धातू स्वतः राखाडी, मऊ. उघड्यावर ठेवलात तर काळवंडतो आणि पापुद्रे सुटत जातात, म्हणून तेलात बुडवून ठेवतात. खरवडलात तर ठिणग्या उडतात. हा गुण लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता मँटलकडे, म्हणजे बत्तीत उजळणाऱ्या त्या जाळीकडे येऊ. ऑस्ट्रियाच्या कार्ल आउअर फॉन वेल्सबाखने सुती जाळी धातूंच्या क्षारांत भिजवून ज्योतीवर धरली. कापूस जळून जातो, ऑक्साइडचा सांगाडा उरतो आणि तो तापून उजळतो. १८८५ च्या सुमारास केलेल्या पहिल्या मँटलचा उजेड हिरवट पडला, माल फारसा खपला नाही. मग थोरियम ऑक्साइड घेतलं. इथे गंमत झाली. थोरियम जितकं शुद्ध करावं, तितका उजेड मंद! म्हणजे उजेड देत होती ती भेसळ. ती भेसळ सीरियम निघाली. १८९१ चं यशस्वी मिश्रण होतं ९९ भाग थोरियम ऑक्साइड आणि १ भाग सीरियम ऑक्साइड. थोरियम उष्णता उधळत नाही, तापून बसतं. सीरियम त्या उष्णतेचं डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशात रूपांतर करतं. सीरियम वाढवलं की मँटलच थंड पडतं. आमटीतल्या मिठासारखं आहे हे. (थोरियम किंचित किरणोत्सारी असल्याने आता बऱ्याच मँटलांत यट्रियम वापरतात.)

थोरियम मिळायचं मोनाझाइट या खनिजाच्या वाळूतून. त्रावणकोरच्या किनाऱ्यावर ही वाळू १९०९ मध्ये शोंबर्ग नावाच्या जर्मन रसायनतज्ज्ञाला सापडली. काथ्याला चिकटलेल्या पिवळसर वाळूवरून त्याला सुगावा लागला, असं सांगतात. मला ही गोष्ट फार आवडते. स्वातंत्र्यानंतर, १९५० मध्ये, ही वाळू हाताळायला ‘इंडियन रेअर अर्थ्स’ ही कंपनी स्थापन झाली. केरळात अलुव्याला कारखाना निघाला आणि पुढे थोरियमचं काम आपल्या मुंबईतल्या तुर्भ्यातही (ट्रॉम्बे) झालं.

पण मोनाझाइटमध्ये थोरियमपेक्षा सीरियम कितीतरी जास्त. मँटलला लागतं एक भाग, मग उरलेल्याचं करायचं काय? आउअरकडे त्या चोथ्याचे ढीग साचले. त्याने त्यातून मिश्रधातू काढला, त्यात लोखंड घातलं आणि १९०३ मध्ये पेटंट घेतलं. चाक फिरवून पेटवायच्या लायटरमधला ‘दगड’ तो हाच. दगड नव्हेच तो! स्वयंपाकघरातला टकटक लायटर मात्र वेगळा, त्याचा याच्याशी संबंध नाही.

बाकी उपयोग भराभर सांगतो. चष्म्याच्या काचा आणि दुर्बिणींचे आरसे घासून चकचकीत करायला सीरियम ऑक्साइडची पूड वापरतात. गाडीच्या धुराड्यातल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये ते ऑक्सिजन साठवतं आणि लागेल तसं सोडतं, कारण सीरियम तीन आणि चार या दोन संयुजांमध्ये सहज ये-जा करतं.

आणि आता वर पाहा. या सभागृहातले एलईडी. यांतली चिप निळा प्रकाश देते. तिच्यावर पिवळ्या पुडीचा लेप असतो. यट्रियम-ॲल्युमिनियम गार्नेट आणि त्यात, पुन्हा, चिमूटभर सीरियम. थोडा निळा पिवळा होतो, उरलेला तसाच बाहेर पडतो आणि दोन्ही मिळून आपल्याला पांढरं दिसतं. घरी बिघडलेला बल्ब असेल तर वरचं झाकण काढून बघा, पिवळे ठिपके दिसतील.

चला, अंगणात जाऊ. मँटल नवं आहे, आधी कापड जळताना दिसेल. पंप मारायला कुणीतरी तरुण पुढे या, माझा खांदा दुखतोय.