सोंड जिथे टेकते

२६ एप्रिल १९८९. बांगलादेशातला माणिकगंज जिल्हा. कित्येक महिने पाऊस नव्हता, माणसं आभाळाकडे डोळे लावून बसली होती. संध्याकाळी आभाळ भरून आलं, तेव्हा अनेकांना आधी हायसंच वाटलं असेल. त्या ढगातून उतरलेला टोर्नेडो दौलतपूर आणि सातुरिया भागावरून गेला. सुमारे १,३०० माणसं दगावली, १२,००० जखमी झाली, ८०,००० बेघर झाली. टोर्नेडोच्या ज्ञात इतिहासात याहून जीवघेणा दुसरा नाही.

तरीही टोर्नेडो म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर येते ती अमेरिका.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू, कारण मराठीत इथे हमखास गल्लत होते. टोर्नेडो म्हणजे चक्रीवादळ नव्हे. चक्रीवादळ समुद्रावर जन्मतं, शेकडो किलोमीटर पसरतं आणि किनाऱ्याला लागण्याआधी कित्येक दिवस उपग्रहाला दिसत असतं. टोर्नेडो म्हणजे उन्हातली वावटळही नव्हे; ती तापलेल्या जमिनीवरून वर उठते. टोर्नेडो गडगडाटी ढगाच्या पोटातून सोंडेसारखा खाली येतो. बहुतेक टोर्नेडो दहा मिनिटांच्या आत विरून जातात.

आता आकडे. अमेरिकेत वर्षाला सुमारे १,२०० टोर्नेडो नोंदले जातात. जगात इतके कुठेच होत नाहीत. कॅनडाचा आकडा शंभराच्या आत-बाहेर, तर अख्ख्या युरोपचा काही शे. क्षेत्रफळाशी ताडून पाहिलं तर चिमुकलं इंग्लंडही यादीत बरंच वर येतं, पण तिथले बहुतेक टोर्नेडो चार कौलं आणि एखादं कुंपण उडवून थांबतात. अमेरिकेतलेसुद्धा बरेचसे कमजोरच असतात. शंभरातला जेमतेम एखादा अतितीव्र निघतो, आणि बहुतांश बळी त्या एखाद्याचेच असतात.

अमेरिकेतच इतके का? नकाशा पाहा. दक्षिणेला मेक्सिकोचं आखात. तिथून दमट, उबदार हवा येते. पश्चिमेला रॉकी पर्वत; तिकडून कोरडी हवा येऊन त्या दमट हवेवर झाकणासारखी बसते. त्याहून वर वेगवान पश्चिमी वारे. खालचा वारा एका दिशेचा, वरचा दुसऱ्या, आणि वेगातही मोठा फरक. दुपारच्या उष्णतेने ते झाकण फुटलं की ढग उसळतो आणि उसळता उसळता स्वतःभोवती फिरू लागतो.

हाच नकाशा आता बंगालवर ठेवा. आखाताच्या जागी बंगालचा उपसागर. कोरडी हवा छोटा नागपूरच्या पठाराकडून. वर, हिमालयाच्या दक्षिणेने धावणारे पश्चिमी वारे. मार्च ते मे या काळात इथे ज्या कालबैसाखीच्या वादळांची शेतकरी वाट पाहतात, त्यांतलंच एखादं हे रूप घेतं. १९९६च्या मे महिन्यात बांगलादेशातल्या टांगाइल भागात असंच झालं आणि सुमारे सातशे जीव गेले. म्हणजे संख्या अमेरिकेची मोठी, पण एका फटक्यात माणसं जास्त मरतात ती इथे.

याचं कारण वाऱ्यात शोधून पुरेसं सापडत नाही. अमेरिकेच्या ओक्लाहोमा राज्यातलं मूर शहर घ्या. २० मे २०१३ रोजी सर्वोच्च श्रेणीचा, एक किलोमीटरहून अधिक रुंद टोर्नेडो भर वस्तीतून गेला. सोंड जमिनीला टेकण्याच्या सोळा मिनिटं आधी इशारा निघाला होता. भोंगे वाजले, लोक तळघरांत आणि आतल्या खोल्यांत शिरले. चोवीस जण गेले. त्यांत एकाच शाळेतली सात मुलं होती, आणि त्या शाळेत वादळात आसरा घेण्याजोगी सुरक्षित खोली नव्हती. चोवीस हा आकडा मला लहान म्हणवत नाही. पण सातुरियात ना भोंगा होता, ना तळघर. घरं हलक्या बांधणीची, वर पत्रा. उडालेला पत्रा हवेत पात्यासारखा फिरतो.

अमेरिकेतही हाच फरक दिसतो. कॅन्ससची माळरानं प्रसिद्ध आहेत, कारण तिथे सोंड दुरून दिसते. मिसिसिपी आणि अलाबामात ती झाडांआड लपते, पुष्कळदा रात्री येते, आणि बरीच कुटुंबं पक्का पाया नसलेल्या फिरत्या घरांत झोपलेली असतात. तिथे मृत्यू जास्त होतात.

टोर्नेडोची ताकद मोजतात तरी कशी? १९७१ साली शिकागो विद्यापीठातले जपानी शास्त्रज्ञ तेत्सुया फुजिता यांनी एक श्रेणी मांडली. २००७पासून तिची सुधारित आवृत्ती वापरतात, शून्य ते पाच. ही श्रेणी मोडतोडीवरून ठरते. वादळ गेल्यावर तपासणीस येतो आणि उघड्या पडलेल्या जोत्यापाशी वाकतो. भिंतीचं खालचं लाकूड जोत्याला बोल्टने आवळलेलं होतं का? बोल्टवर नट आणि वॉशर आहेत का? की नुसतेच खिळे ठोकले होते? खिळ्यांवरचं घर त्यामानाने कमी वाऱ्यातही उडतं, म्हणून श्रेणी खाली येते.

त्यामुळे विलक्षण गोष्टी घडतात. ३१ मे २०१३ रोजी ओक्लाहोमातल्या एल रेनोजवळ आजवरचा सर्वांत रुंद टोर्नेडो नोंदला गेला, ४.२ किलोमीटर. वाहनावर बसवलेल्या रडारने त्यात अफाट वेग टिपले. तीन अनुभवी वादळ-अभ्यासकांचा त्याने जीव घेतला. तरी त्याची श्रेणी राहिली तीन, कारण वाटेत बहुतेक मोकळी शेतंच होती. पडायला घरंच नव्हती.

म्हणून जगाच्या नकाशावर टोर्नेडोचे ठिपके पाहताना मी जरा थबकते. जिथे रडार आहे, फोन आहेत, तपासणीस पोचतो, तिथे ठिपके दाट. गंगा-ब्रह्मपुत्रेच्या त्रिभुज प्रदेशात ते विरळ. तिथे दरवर्षी मार्च उजाडला की दुपार कलताना वायव्येचं आभाळ काळं पडतं. पाऊस हवाच असतो. अंगणातलं वाळवण आत जातं, गुरं गोठ्यात बांधली जातात, आणि छपराचे पत्रे वाऱ्यावर खडखडू लागतात.