दोन लिप्यांचा चष्मा

श्रोतेहो, नमस्कार.

दसऱ्याची सुट्टी तोंडावर आली. आपल्या इकडच्या, कर्नाटकातल्या शाळांना मोठी सुट्टी दसऱ्याला, पलीकडे महाराष्ट्रात ती दिवाळीला. त्यामुळे सीमाभागातल्या आज्जा-आज्जींना दोन हंगाम मिळतात. आधी बेळगाव-खानापूरची नातवंडं घर डोक्यावर घेतात, ती शाळेत गेली की पुण्या-कोल्हापूरची येऊन थडकतात. एरवी वेळ जात नाही म्हणून कुरकुरणारे आम्ही पेन्शनर या दिवसांत कामाला लागायला मोकळे असतो. बरोबर हाताखाली चार पोरंही असतात.

ज्येष्ठांनी सुट्टीत समाजासाठी काय करावं, असा विषय मला दिला आहे. रक्तदान म्हणावं, तर 65 वर्षांनंतर रक्त घेत नाहीत. झाडं लावावीत, तर खड्डा खणायला कंबर तयार नाही. मी टपालखात्यातला माणूस. मला एकच काम नीट येतं, ते म्हणजे दुसऱ्याचा कागद वाचून दाखवणं.

नोकरीत असताना ते रोजचंच होतं. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावातच, आणि आसपासच्या खेड्यांतली फौजेत गेलेली पोरं पुष्कळ. मनीऑर्डर आली की पैसे मोजायच्या आधी आई विचारायची, "खाली काय लिवलंय बघा की ओ." कुपनावर दोनच ओळी असायच्या. पण त्या तीनदा वाचायला लागायच्या. तिसऱ्यांदा वाचताना तिच्या तोंडाकडे बघायचं नाही, हे मला कुणी शिकवलं नव्हतं, आपोआप कळलं.

पत्रं गेली, पण कागद उलट वाढले. जमिनीचा उतारा, रेशन, विजेचं बिल, दवाखान्याची चिठ्ठी. यातलं बरंचसं कन्नडात. बसची पाटीही कन्नडात. माझ्या वयाची, मराठी शाळेत चार इयत्ता शिकलेली बाई तो कागद हातात धरून स्टँडवर कुणाला तरी शोधत असते. सीमाप्रश्न त्याच्या जागी आहे, त्यावर मी या माइकवर बोलणार नाही. पण त्या बाईला तिचा कागद आज, दहाच्या गाडीच्या आधी कळायला हवा. तुम्हाला दोन्ही लिप्या वाचता येत असतील, तर आठवड्यातून दोन सकाळी, ठरल्या जागी, ठरल्या वेळी बसा. पाराचा कट्टा चालेल, देवळाची ओसरी चालेल. वेळ मात्र मोडायची नाही. लोक तुमच्या ज्ञानापेक्षा तुमच्या वेळेवर विसंबतात.

आणि माहीत नसेल ते ठोकून द्यायचं नाही. यात मी एकदा चांगलाच आपटलोय. नोकरीला लागून सहा महिने झाले होते, कन्नड अर्धं कच्चं. एका म्हातारीबरोबर एका खिडकीपाशी उभा होतो. आतला माणूस म्हणाला, "मुंदिन वार बर्री." मी ऐटीत सांगितलं, "पुढच्या वारी या म्हणतोय." त्या दिवशी सोमवार होता. बिचारी मंगळवारी परत आली, दोन कोस चालत. कन्नडात वार म्हणजे आठवडा! 'अवसर'चंही तसंच. आपल्याकडे अवसर म्हणजे संधी, त्यांच्याकडे घाई. 'अवसर इल्ला' असं कुणी म्हणालं, तर तो तुम्हाला हाकलत नाही, सावकाश होऊ द्या म्हणतोय. 'अनुमान' आपला तर्क, त्यांचा संशय. परके शब्द माणूस विचारून घेतो. हे ओळखीचे वाटणारे शब्दच दगा देतात. म्हणून तारीख, रक्कम आणि औषधाची वेळ, या तीन गोष्टी मी अजूनही दोनदा विचारतो.

आता पोरांकडे येऊ. सुट्टीत त्यांना पाटीवर अक्षरं गिरवायला बसवाल तर ती मागच्या दाराने पळतील. आम्ही वेगळं करतो. खडेबाजारातून गणपत गल्लीकडे चालत निघायचं आणि दुकानांच्या पाट्या वाचायच्या. वर्णमालेचा क्रम दोन्हीकडे एकच, क ख ग घ, त्यामुळे बाराखडी येणाऱ्याचं अर्धं काम झालेलं असतं. अडतं ते ए आणि ओ पाशी. मराठीत ए एकच, कन्नडात आखूड वेगळा आणि लांब वेगळा. तळ्याला 'केरे' म्हणतात, त्यातला ए आखूड. गल्लीला 'केरी', त्यातला लांब. कन्नड माध्यमातली नातवंडं मराठीत अडखळतात ती 'च'पाशी. चहातला च आणि चाकातला च लिहायला सारखे, बोलायला निराळे. हे असं का, म्हणून नातीने विचारलं तेव्हा मला उत्तर आलं नाही. चहा घेऊ म्हटलं.

दिवाळीत मुलं किल्ला करतात तेव्हा बुरुजांच्या आणि दरवाजांच्या पाट्या दोन्ही लिप्यांत लिहायला लावा. मावळ्यांची काही हरकत नसते.

या मुलांचा खरा उपयोग नोव्हेंबरात होतो. पेन्शनरांचा हयातीचा दाखला! आपण जिवंत आहोत हे दरवर्षी कागदावर सिद्ध करायचं, यातली गंमत ज्याची त्याने घ्यावी. आता तो घरबसल्या मोबाइलवर चेहरा दाखवून देता येतो. जीवन प्रमाणचं अॅप लागतं, त्याच्या जोडीला आधारचं चेहरा ओळखणारं अॅप. आधार क्रमांक, पीपीओ म्हणजे पेन्शनच्या आदेशाचा नंबर आणि बँकेचं खातं हाताशी ठेवायचं. केंद्र सरकारच्या 80 वर्षांवरच्या निवृत्तांना तो 1 ऑक्टोबरपासूनच देता येतो. ईपीएफच्या पेन्शनला महिन्याचं बंधन नाही, दाखला दिल्यापासून वर्षभर चालतो. तुम्ही कागद वाचा, नातू मोबाइल धरेल. उजेड समोरून हवा, पाठीमागे खिडकी असली की चेहरा काळा येतो. गल्लीत अंथरुणाला खिळलेलं कुणी असेल, तर आधी त्यांच्या घरी जा. टपालखात्याचा पोस्टमनही घरी येऊन हे काम थोड्या पैशांत करतो, तेही त्यांना सांगा. एकट्या राहणाऱ्यांच्या भिंतीवर 14567 हा आकडा मोठ्या अक्षरांत लिहून या. ज्येष्ठांसाठीची ती मोफत हेल्पलाइन आहे.

ओटीपी ज्याचा त्याने बघायचा. दुसऱ्याचा एटीएमचा पिन ऐकायचासुद्धा नाही. ऐकू आलाच तर विसरायचा, या वयात ते जमतं. सही त्यांची त्यांनीच करायची, नाहीतर अंगठा. आणि कुणाच्या कागदात काय होतं, हे पारावर बोलायचं नाही. सुनेने विभक्त रेशनकार्ड मागितलंय, हे मला गावाआधी कळतं आणि माझ्या बायकोला कधीच कळत नाही. यावरून आमच्या घरी अबोला झालेला आहे.

शाल-श्रीफळाचा कार्यक्रम कुणी ठरवू लागलं, तर तेवढा टाळा. एकदा फलक लागला की ज्याला लिहिता-वाचता येत नाही तो लाजून फिरकत नाही.

गेल्या वर्षी खंडेनवमीला घरातल्या कोयत्या-विळीबरोबर मी माझा वाचायचा चष्मा पूजेला ठेवला. बायको म्हणाली, "चष्म्याला कसलं हळदकुंकू?" पण लावलं तिनेच. काच पुसून घेतली, दांडीवरचा डाग तसाच आहे.

नमस्कार.