सात म्हणजे नक्की कुठला सात?

[पडद्यावर फक्त दोन हात. टाळी, बोटं, पुन्हा टाळी.]

पुण्यातला एक तबलावाला आणि चेन्नईतला एक मृदंगमवाला, दोघांना एकाच ग्रुपवर ॲड करा आणि हळूच विचारा, रूपक ताल किती मात्रांचा हो? मग फोन सायलेंटवर टाकून जेवायला बसा. परत येईपर्यंत तिथे राडा झालेला असतो. एक म्हणतो सात, दुसरा म्हणतो सहा, पहिला ठेका, म्हणजे तबल्यावरचे ठरलेले बोल, टाइप करून पाठवतो, दुसरा म्हणतो हे काय भलतंच, आणि मग कोणीतरी तिसरा येतो, ज्याला कोणी काही विचारलेलंच नसतं, आणि तो दोघांचीही अक्कल काढतो.

आता यात दोघंही बरोबर असतात. हिंदुस्तानी संगीतातला रूपक ७ मात्रांचा, म्हणजे सात ठोक्यांचा, तीन-दोन-दोन असा फोडलेला. कर्नाटक संगीतातला रूपक ६ अक्षरांचा (अक्षर म्हणजे तिकडची मात्रा), दोन आणि चार. नाव एकच, हिशोब वेगळा. आपल्या रूपकाच्या जवळचं त्यांच्याकडे काही असेल तर तो तिस्र जातीचा त्रिपुट किंवा मिश्र चापू, दोन्ही सातचे ताल. हे पहिल्याच मेसेजला कोणी सांगितलं असतं तर विषय तिथेच मिटला असता, पण मग बाकीच्यांनी काय करायचं.

तर हा व्हिडिओ अशा भांडणांवर आहे. पाच, सात, नऊ, अकरा असले मोजायला अवघड ताल आणि त्यांच्यावरून एकमेकांच्या अंगावर जाणारे संगीतकार. आणि ही फक्त इंटरनेटची देणगी आहे असं समजू नका, हे फार जुनं आहे.

१८९३ साली चायकोव्हस्कीची सहावी सिंफनी आली. तिचा दुसरा भाग ५/४ मध्ये, म्हणजे पाच-पाच ठोक्यांत आहे, ऐकायला वॉल्ट्झसारखाच, पण नाचायला गेलात तर पाय अडकतो कारण दर वेळी एक पाऊल कमी पडतं. व्हिएन्नाचे मोठे समीक्षक एदुआर्ड हान्सलिक यांना हे काही केल्या रुचलं नाही, त्यांचं म्हणणं असं होतं की हेच सगळं ६/८ मध्ये, म्हणजे सहात, सहज बसवता आलं असतं, वाजवणाऱ्यांचाही त्रास वाचला असता आणि ऐकणाऱ्यांचाही. म्हणजे बघा, दहा मात्रांच्या झपतालातली बंदिश कोणी गातंय आणि पुढच्या रांगेतून एक काका म्हणतायत, अहो अजून दोन मात्रा घाला की, बाराचा एकताल होऊन जाईल, कशाला उगाच. हान्सलिक माणूस विद्वान होता यात वाद नाही, पण त्याच्या कानाला जे सवयीचं नव्हतं ते त्याने चूक ठरवून टाकलं आणि ही खोड आजही तशीच चालू आहे.

कारण अवघड ताल ही गोष्ट कोण कुठे वाढला यावर ठरते. बल्गेरियात रचेनित्सा नावाचा नाच आहे, सातचा, दोन-दोन-तीन, आणि चांगला पळत्या लयीतला. लग्नात आजी पण नाचते. तिला जाऊन विचारलं की आजी, ७ च्या तालात कशा काय नाचता, तर ती तुमच्याकडे बघतच राहील, कारण ती सात मोजतच नाही, दोन छोटी पावलं आणि एक मोठं पाऊल, झालं. शेजारच्या मॅसेडोनियात तीन-दोन-दोनचे नाच आहेत, म्हणजे विभाग आपल्या रूपकाचेच.

आणि इथे मला बेला बार्टोकचं फार कौतुक वाटतं. हा हंगेरियन संगीतकार गावोगाव फिरून मेणाच्या सिलिंडरवर लोकसंगीत रेकॉर्ड करायचा, हजारो गाणी, आणि ती ऐकून ऐकून कागदावर उतरवायचा. पुढे बल्गेरियन संशोधकांचं काम त्याच्या वाचनात आलं आणि त्याच्या लक्षात आलं की आपल्याच जुन्या रुमानियन रेकॉर्डिंगमध्ये काही ठिकाणी हेच चाललंय, ते गायक लय सोडत नव्हते, ते अगदी चोख हिशोबात होते, कमी आपलाच कान पडला. त्याने ती रेकॉर्डिंग्ज पुन्हा ऐकायला घेतली आणि लिहिलेलं दुरुस्त केलं. नाव एवढं मोठं झालेलं असताना! १९३८ मध्ये त्याने बल्गेरियन लयीवर रीतसर भाषणही दिलं, आणि 'मिक्रोकोस्मोस' या पियानोच्या संग्रहाच्या शेवटी बल्गेरियन लयीतले सहा नाच आहेत, त्यातल्या पहिल्याच्या वर नुसतं ९/८ लिहिलेलं नाही, ४+२+३ असं फोडून लिहिलंय.

ही फोड लक्षात ठेवा, बरीचशी भांडणं हिच्याचमुळे होतात.

[पियानो. पाचचा तुकडा, तीन-दोन, तीन-दोन.]

१९५८ मध्ये अमेरिकन सरकारने डेव्ह ब्रूबेक या जॅझ पियानिस्टला त्याच्या चौघांच्या बँडसकट परदेश दौऱ्यावर पाठवलं. पोलंड, तुर्कस्तान, भारत, पाकिस्तान, इराण, इराक, बरंच काही. इस्तंबूलच्या रस्त्यावर त्याला ९ चा ताल ऐकू आला, दोन-दोन-दोन-तीन, आणि तो चक्रावला. आपल्या मुंबईतही आला होता बरं का, इथे तो सतारिये अब्दुल हलीम जाफर खांसाहेबांबरोबर बसून वाजवून गेला. १९५९ ला त्याचा 'टाइम आउट' अल्बम आला, त्यात तो इस्तंबूलचा नऊ आहे आणि सॅक्सोफोनवाल्या पॉल डेसमंडने लिहिलेलं ५/४ मधलं 'टेक फाइव्ह' आहे.

'टेक फाइव्ह' नीट ऐका. मध्ये जो मोरेलो ड्रम्सवर सोलो वाजवतो, मोकळा सुटतो अगदी, आणि तेवढा वेळ ब्रूबेक पियानोवर काय करतो? काहीच नाही, तो एकच पाचचा तुकडा घोटत बसतो. अहो, लेहरा आहे हा! तबला सोलोला हार्मोनियमवाला जे काम करतो तेच, आवर्तन, म्हणजे तालाचा पूर्ण फेरा, धरून ठेवायचा, म्हणजे ड्रमर कुठेही गेला तरी परत यायला घर राहतं. कोणी कोणाकडून उचललं वगैरे मला म्हणायचं नाहीये, गरज सारखी पडली की उत्तरही सारखं निघतं.

पण या गाण्याचा विषय निघाला की आपल्याकडची एक ठरलेली प्रतिक्रिया असते, तुम्हालाही माहितीय. हे काय विशेष, आमच्याकडे हे आधीपासून आहे. खरंय, आहे. पण बोलणं तिथेच संपतं ना यार. बल्गेरियन आजीही हेच म्हणू शकते, तुर्की ढोलवालाही म्हणू शकतो, आणि सगळ्यांनी हेच म्हटलं तर कोणाला कोणाकडून काय कळणार, डोंबल? समोरचा उत्सुकतेने काहीतरी घेऊन आलाय, त्याला झपताल ऐकवा की, कोपऱ्यात कशाला उभं करता.

आणि ऐकवतानाही जरा जपून, कारण पुढची गोची तिथेच आहे. 'मिशन इम्पॉसिबल'ची ट्यून सगळ्यांना पाठ असते, १९६६ ची मालिका, लालो शिफ्रिनचं संगीत, ५/४. लगेच कोणीतरी लिहितं, हा तर झपताल. पाचची दुप्पट दहा, झपताल दहाचा, जमलं! नाही जमलं. झपताल म्हणजे धी ना, धी धी ना, ती ना, धी धी ना. दोन-तीन-दोन-तीन. 'मिशन इम्पॉसिबल' आहे तीन-तीन-दोन-दोन, दोन लांब आणि दोन आखूड. मोर्स कोडमध्ये इंग्रजी एम आणि आय असेच लिहितात, ते मुद्दाम केलं की योगायोग हे वेगळंच भांडण, त्यात आज जायला नको. मुद्दा असा की बेरीज दहा आली म्हणून ताल एक होत नाही. आपल्याकडेच १४ मात्रांचं बघा ना, दीपचंदी तीन-चार-तीन-चार, धमार पाच-दोन-तीन-चार, आडाचौताल दोन-दोनचे सात. झुमराही चौदाचाच, विभागही दीपचंदीसारखेच, तरी विलंबित ख्यालाला झुमरा लावतील आणि ठुमरीला दीपचंदी, उलटं करून बघा, तबल्यावरचा माणूस मान वर करून बघेल.

म्हणून आकडा नका सांगू, फोड सांगा. डॉन एलिस नावाचा अमेरिकन ट्रंपेटवाला होता, तो लॉस एंजेलिसमध्ये पंडित रविशंकरांचे शिष्य हरिहर राव यांच्याकडून भारतीय ताल शिकला आणि मग आख्ख्या बिग बँडला कामाला लावलं. १९६६ ला माँटेरेच्या जॅझ फेस्टिवलमध्ये त्यांनी वाजवलेल्या एका रचनेचं नावच '३३ २२२ १ २२२' आहे. बेरीज करा, १९ येते. नावातच फोड देऊन टाकली, घ्या, आता काय भांडायचं ते भांडा.

आता एवढं करूनही भांडण उरतंच. ७/४ की ७/८ हे त्यातलं सगळ्यात फुकट. पिंक फ्लॉइडचं 'मनी', १९७३, बेसची ती ओळ सातची आहे हे सगळ्यांना मान्य, पण खालचा आकडा चार की आठ यावरून लोक एकमेकांना अनफॉलो करतात. अरे, खालचा आकडा कागदावर असतो, कानाला तो ऐकूच येत नाही! वाजवणाऱ्याला लिहायला-वाचायला काय सोपं एवढाच तो प्रश्न. त्यापेक्षा गिटार सोलोला ते गाणं गुपचूप चारमध्ये जातं, ते कुठे जातं हे शोधा, त्यात मजा आहे.

दुसरं भांडण मात्र खरं आहे, ते म्हणजे पहिली मात्रा कुठे. रेडिओहेडचं २००१ चं 'पिरॅमिड साँग' घ्या. सुरुवातीला नुसता पियानो, कॉर्ड अशा जागी पडतात की डोकं भंजाळतं. लोकांनी त्याला तीन, पाच, नाना आकडे लावून पाहिले. खूप जण म्हणतात की ते साधं ४/४ आहे, फक्त झोल देऊन वाजवलंय आणि कॉर्डची फोड तीन-तीन-चार-तीन-तीन पडते, म्हणजे एकूण १६. मलाही तसंच ऐकू येतं, पण ड्रम्स आल्यावर. ड्रम्स येईपर्यंत दुसऱ्याला वेगळं ऐकू आलं तर त्याला खोटं पाडायला माझ्याकडे काहीही नाही. गोव्याचे खाप्रुमाम पर्वतकर, ज्यांना लयभास्कर म्हणायचे, ते हातात एक ताल, पायात दुसरा आणि तोंडाने तिसरा असं एकाच वेळी धरून दाखवायचे. एका माणसाच्या अंगात तीन ताल मावतात मग आपल्या ग्रुपमध्ये दोन मावायला काय हरकत आहे.

हरकत काय आहे ते सांगतो. टाइप केलेल्या अक्षराला लय नसते. "सात" हे कोणत्याही लयीत टाइप केलं तरी सातच दिसतं. समोरासमोर दोन वादक बसले की वाद असा चालतो, एक म्हणतो थांब, दाखवतो, मांडीवर थाप देतो, दुसरा मान हलवतो, म्हणतो असं नाही असं, पुन्हा थाप, आणि दोन-चार आवर्तनांत कळतं कोण कुठून मोजतोय ते. टायपिंगमध्ये हे सगळं गळतं आणि उरतं फक्त "तुम्हाला कळत नाही". मग त्याच्या पुढची पायरी ठरलेली, तुमच्या गुरूंनी हेच शिकवलं का. संपलं. जो माणूस गुरूचं नाव घेताना कानाच्या पाळीला हात लावतो त्याला तुम्ही हे लिहून पाठवलंत, आता मात्रा गेल्या खड्ड्यात, आता घराण्याचा प्रश्न आला. वेस्टर्नवाल्यांचं वेगळं नाही, तिकडे तेच वाक्य "तुला नोटेशन तरी वाचता येतं का" असं येतं.

माझ्या पाहण्यात अशा ठिकाणी एकच उपाय चालतो, व्हॉइस नोट. तोंडाने बोल म्हणा, हाताने टाळी द्या, वीस सेकंद पुरतात. ज्याला टाळी देता येत नाही तो आपोआप गप्प बसतो, आणि ज्याला येते त्याचा पारा निम्मा उतरतो कारण चिडून टाळी दिली की लय पळते.

[पुन्हा तेच हात, जवळून.]

आता शेवटचं, घरातलंच भांडण. रूपकाची सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा. बघा हा ताल हातावर कसा धरतात. पहिल्या मात्रेला टाळी नाही, तळवा वर करून हात बाजूला न्यायचा, ही खाली. दोन, तीन बोटांवर. चारला टाळी, पाच बोटावर, सहाला टाळी, सात बोटावर. ती ती ना, धी ना, धी ना. नेहमी समेला डग्गा घुमतो, इथे समेलाच डग्गा गप्प. मग वाद असा की खाली असेल तर ती सम कशी, आणि सम असेल तर ती खाली कशी. त्यात अजून एक, सोलोवाला रूपकात तिहाई घेतो, म्हणजे एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर येतो, तेव्हा शेवटी समेवर "ती" नाही वाजवत, सणसणीत "धा" देतो. म्हणजे ठेक्यात जागा रिकामी आणि तिहाईत तीच जागा भरलेली. मला यात काही विसंगती वाटत नाही, उलट रूपकाची सगळी खुमारी त्या हुलकावणीत आहे. 'आपकी नज़रों ने समझा' ऐकताना लतादीदी त्या हलक्या समेवर किती अलगद येतात ते बघा.

पण पखवाजवाल्यांना हे पटत नाही. त्यांच्याकडे तीव्रा आहे, तोही सातचा, तोही तीन-दोन-दोन, आणि त्यात पहिल्या मात्रेला टाळी, पहिलाच बोल "धा". फोडही तीच आणि तरी ताल दुसरा, म्हणजे आत्तापर्यंत मी जे फोड-फोड करत होतो त्यालाही यांनी सुरुंग लावला. आमचे एक पखवाजवाले मित्र गेले दहा मिनिटं कॅमेऱ्याच्या मागे बसून कणीक मळत होते, ती पखवाजाच्या पुडीला, म्हणजे चामड्याला, लावून झाली, त्यांचं म्हणणं आहे की तुम्ही फार बोललात, आता ऐका.

[पखवाज. तीव्रा, विलंबित.]