देवदूताच्या हातातली पेटी

वसईत पावसाळा सरला की आमच्या घरी गाद्या उन्हात जातात आणि तिकिटांचे अल्बम पंख्याखाली. इथल्या खाऱ्या, दमट हवेत कोऱ्या तिकिटांमागचा गोंद ओलसर होतो आणि तिकीट पानाला चिकटून बसतं. काका बोटीवर नोकरीला. बंदरात उतरले की आधी पोस्ट गाठायचे.

हे त्यांचं लाडकं. अमेरिका, नाताळ १९७२, आठ सेंट. मूळ चित्र जवळजवळ दोन मीटर उंच. स्वर्गात निघालेली मरिया आणि भोवती देवदूतांचा ताफा. तिकिटावर आलाय त्यातला फक्त एक तुकडा. चित्रकाराचं खरं नाव कुणालाच ठाऊक नाही. सुमारे १४८५ ते १५०० या काळातलं, आजच्या बेल्जियममधल्या ब्रुज शहराकडचं हे काम. पण पठ्ठ्याने गाणाऱ्या देवदूतांच्या हातातल्या कागदांवर वाचता येईल अशी स्वरलिपी काढली! अभ्यासकांनी ती वाचली आणि चाल ओळखली. वॉल्टर फ्राय या इंग्रज संगीतकाराच्या मरियास्तोत्रावरून घेतलेली. नुसत्या रेघोट्या मारल्या असत्या तरी कोण विचारणार होतं?

त्याच ब्रुजमधला चित्रकार हान्स मेमलिंग. त्याने रंगवलेल्या तीन भल्यामोठ्या फळ्या आज अँटवर्पच्या संग्रहालयात आहेत. मधल्या फळीवर ख्रिस्त आणि गाणारे देवदूत, बाजूच्या दोन फळ्यांवर पाच-पाच वादक. एकाच्या तोंडी शॉम. काका त्याला सरळ सनई म्हणतात, आणि फारसं चुकत नाहीत. दोन्ही वाद्यं दुहेरी पत्तीतून फुंकायची, एकाच गोतातली. दुसऱ्याकडे छोटा ऑर्गन. एक हात पट्ट्यांवर, दुसरा मागच्या भात्यावर. आजीने त्याचं छापील चित्र भिंगातून पाहिलं आणि म्हणाली, "अरे, हा तर भाता मारतोय. पेटीच ही!"

आपल्या पेटीत धातूच्या पत्त्या थरथरतात, इथे नळ्यांतून सूर निघतो. हात मात्र तसेच चालतात.

त्या काळची प्रत्यक्ष वाद्यं फार थोडी उरलीत. म्हणून ती नव्याने घडवणारे कारागीर अशी चित्रं समोर ठेवतात. गज कसा धरलाय, बोटं कुठे पडतात, तारा किती, सगळं बघतात.

आमच्या नाताळच्या गोठ्यातल्या देवदूताचा कर्णा गेल्या वर्षी मोडला. यंदा पुतणीने संक्रांतीच्या बोळक्यावर फुग्याचं रबर ताणलं आणि त्याच्या हाती घुमट, म्हणजे मडक्याचं तालवाद्य, दिलं. गोंद अजून वाळायचाय.